हेमोदरीचे डोहाळे

हेमोदरी एक्स्प्लोरेशन लिमिटेड या कंपनीच्या डोंगराला गेली अकरा वर्षे सातवा महिना चालू होता. डोंगराच्या पोटात सोने होते, ते दिवसामासाने वाढत होते, आणि कंपनीची किंमत काढायची झाली की कुणीतरी डोंगराच्या पोटावर हात ठेवून आतली हालचाल मोजावी लागे. नागपूरहून दोन-अडीच तासांवर, भाताची शेते संपून सागाचे जंगल सुरू होते तिथे हा डोंगर होता. पूर्वी त्याला गावातले लोक नुसते 'भुऱ्या' म्हणत. दिवस गेल्यापासून कागदोपत्री त्याचे नाव 'मातोश्री हेमोदरी' असे झाले.

या कामासाठी मूल्यमापन ऑफिसचे प्रमुख घाटेसर यांनी अनुजा वैरागडेची निवड केली, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना नवल वाटले. अनुजा मूल्यमापकाची परीक्षा नुकतीच पास झाली होती. तिच्या नावाच्या शिक्क्याला अजून शाई लागली नव्हती. शिवाय ती दचके. झेरॉक्सचे झाकण पडले की दचके, कुणी मागून हाक मारली की दचके, स्वतःला शिंक आली तरी दचके. ऑफिसचा शिपाई दारातूनच ओरडत येई, "म्याडम, चहा घेऊन येऊन राहिलो, दचकू नका." आणि त्या ओरडण्यालाच ती दचके.

"सर, मला जमिनीखालचं काही कळत नाही," ती म्हणाली.

"त्यांना कळणारा माणूस नकोच आहे," घाटेसर म्हणाले. "संवेदनशील माणूस पाहिजे. तुझं नाव त्यांनीच घेतलं."

"त्यांना माझं नाव कसं माहीत?"

"चांगलं काम लपत नाही." असे म्हणून सरांनी स्टेपलर दाबला. अनुजा दचकली. सर समाधानाने हसले आणि त्यांनी गाडी सांगितली.

काम थोडक्यात असे होते. कंपनी लोकांना नवे शेअर विकणार होती. डोंगराची किंमत नऊशे कोटी ठरली तर शेअर चढ्या भावाने जाणार होते. ती नऊशे कोटी आहे असे लिहून खाली कुणीतरी सही करायची होती, आणि ते कुणीतरी म्हणजे अनुजा.

कंपनीच्या फाटकावर दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिले होते, 'शांतता राखा. आत गर्भसंस्कार चालू आहेत.' दुसरीवर, 'या आवारात उंदराचा उल्लेख करू नये.' गर्भसंस्कार म्हणजे डोंगराच्या चारही बाजूंना खांबांवर कर्णे बसवले होते आणि त्यांवरून एक बाई गोड आवाजात सोन्याचा आजचा भाव सांगत होती. भाव उतरला असेल त्या दिवशी कालचाच ऐकवत.

व्यवस्थापकीय संचालक मोहरीलसाहेब स्वागताला पायऱ्यांवर उभे होते. गुबगुबीत गृहस्थ. दोन्ही हातांत मिळून सात अंगठ्या, गळ्यात गोफ, मनगटावर साखळी. सगळे सोने नागपूरच्या इतवारीतून रोखीने विकत आणलेले. कंपनीने अकरा वर्षांत मिळवलेले सोने अजून कंपनीच्या नखावरही दिसले नव्हते.

"या या, ताई. प्रवास नीट झाला ना? काही आवाज-बिवाज?"

"कसले आवाज?"

"काही नाही. आपलं सहज."

अनुजाने आधी हिशेब मागितले. कंपनीचे सचिव टेंभरे यांनी ते मांडले. टेंभरे हे अत्यंत नियमशीर गृहस्थ होते. नियमात बसत असेल तर त्यांनी स्वतःच्या घराला आग लावली असती, आणि नियमात बसत नसेल तर ती विझवली नसती.

हिशेबात जमेची बाजू कोरी होती. खर्चाची बाजूही कोरी होती. होती ती फक्त मालमत्ता, आणि मालमत्तेचे एकच कलम होते: 'डोहाळे'.

"डोंगराला जे जे खावंसं, घ्यावंसं वाटतं, ते पुरवावं लागतं," मोहरीलसाहेबांनी समजावून सांगितले. "पुरवलं की पोटातलं वाढतं. म्हणजे तो खर्च नाही झाला, ती गुंतवणूक झाली. जेवढे डोहाळे जास्त, तेवढा डोंगर भारी."

पहिल्या वर्षी डोंगराला चिंचा, कैऱ्या आणि भाजलेली माती एवढेच लागत होते. दुसऱ्या वर्षी त्याला मोठ्या गाडीची इच्छा झाली. मग पुण्यात फ्लॅट. मग मोहरीलसाहेबांच्या मेहुण्याला नोकरी. पाचव्या वर्षी डोंगराला दुबई बघावीशी वाटली. डोंगराला विमानात बसवणे शक्य नसल्यामुळे साहेब सहकुटुंब जाऊन आले होते आणि येताना डोंगरासाठी खजूर आणला होता. खजुराची पावती वेगळी जोडली होती.

"डोहाळे कळतात कसे?" अनुजाने विचारले.

"मी कान लावते," कोपऱ्यातून आवाज आला. अनुजा दचकली. कोपऱ्यात डॉ. पांढरीपांडे बसल्या होत्या. या बाईंनी भूगर्भशास्त्र आणि प्रसूतिशास्त्र या दोन्ही विषयांत पहिल्या वर्षापर्यंत शिक्षण घेतले होते आणि कंपनीत त्या वरिष्ठ सल्लागार होत्या. "कान लावला की सगळं स्पष्ट ऐकू येतं. परवाच मला म्हणाला, पांढरीपांडे, तुम्हाला स्वतंत्र बंगला पाहिजे."

टेंभऱ्यांनी बंगल्याचे पान उघडून दाखवले. ते मालमत्तेत होते.

"आणि सातवा महिना अकरा वर्षं कसा?"

पांढरीपांडे बाईंनी पदर सावरला. मग टेंभरे म्हणाले, "डोंगराचा महिना आपल्यासारखा नसतो. तो संचालक मंडळाच्या ठरावाने बदलतो. अजून ठराव झालेला नाही."

"आठवा का लागू देत नाही?"

"ताई," मोहरीलसाहेब समजुतीने म्हणाले, "आठव्यानंतर नववा येतो. नवव्यानंतर बँकेचे लोक येतात. सातवा कसा छान महिना आहे. पोट दिसतं, फोटो चांगले येतात, आणि घाई कुणालाच नसते."

म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एवढ्यावरच हे दुकान अकरा वर्षे चालले होते. फक्त इथे तुरीही पोटात होत्या, आणि भट मार न देता भटणीला घेऊन दुबईला जाऊन आला होता.

मूल्यमापनाचा नियम साधा होता. नोंदणीकृत आणि स्वतंत्र मूल्यमापकाने डोंगरावर उघडा तळवा ठेवायचा. तळवा ठेवलेला असताना तो दचकला, तर आत लाथ बसली असे समजायचे. एका लाथेला तीनशे कोटी. मोजणी डोहाळजेवणाच्या दिवशी, भागधारकांसमोर व्हायची. पूर्वी ड्रिल मारून खालचे दगड काढत आणि प्रयोगशाळेत पाठवत. पण पोटुशीला असे टोचून बघणे क्रूरपणाचे आहे, असे कंपनीने ठरवले आणि तेव्हापासून सगळी यंत्रे झाकून ठेवली होती. शोध घेणारी ही एकच कंपनी असेल, जिला शोध घेण्याची दया येत होती.

"मागच्या वेळी एक साहेब आले होते," मोहरीलसाहेब म्हणाले. "जाडजूड. अर्धा तास हात ठेवला आणि म्हणाले, थंड आहे. आता अशा माणसाला काय म्हणावं! तुमचं तसं नाही. चला, एकदा रंगीत तालीम करून घेऊ."

डोंगराच्या पायथ्याशी एक जागा गुळगुळीत सारवून ठेवली होती. अनुजाने तळवा टेकवला. दगड उन्हाने कोमट होता. बाकी काहीच नव्हते. तेवढ्यात मोहरीलसाहेबांच्या खिशातला फोन तुतारीच्या आवाजात वाजला आणि अनुजा जागच्या जागी वीतभर उडाली.

"लाथ एक," टेंभऱ्यांनी लिहून घेतले.

"अहो, मी फोनला दचकले!"

"फोन वाजल्याची नोंद नाही," टेंभरे वर न बघता म्हणाले. "दचकल्याची आहे."

"आता तुम्ही करा ना नोंद, फोन वाजला म्हणून."

"फोनचा रकाना नाही, म्याडम."

आपल्याला का बोलावले आहे हे अनुजाला तिथे, त्या सारवलेल्या जागेसमोर कळले. घाटेसरांनी तिच्या हुशारीची नव्हे, तिच्या घाबरटपणाची शिफारस केली होती. सणसणीत उत्तर द्यावे असे तिच्या मनात आले. पण मागे कुणीतरी खाकरले, ती दचकली, आणि उत्तर राहून गेले.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कुंदाआत्या दारातच उभी होती. अनुजाला कुंदाआत्यानेच वाढवले होते. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर मिळालेली सगळी रक्कम आत्याने मुदत ठेवीत ठेवली होती, आणि त्या ठेवीची मुदत याच आठवड्यात संपत होती.

"अनू, शेजारचे मोटघरे सांगून राहिले होते, हेमोदरीचे शेअर निघणार. आणि सही आपल्या अनूची! मी म्हटलं, मग कशाला विचार करायचा? सगळे पैसे त्यातच टाकते."

"आत्या, टाकू नकोस. तिथे काही नाही."

"तू दचकली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मोटघऱ्यांच्या मोबाईलवर आलं. 'प्राथमिक लाथ सिद्ध.' खाली तुझा फोटो. केस विंचरून जायचं होतं गं."

"आत्या, त्या माणसाचा फोन वाजला म्हणून मी दचकले!"

आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू सहा वर्षांची होतीस. झोपाळ्यावर बसली होती. दचकून उतरली अन् दुसऱ्या मिनिटाला कडी तुटून झोपाळा खाली! तेव्हापासून मी ओळखून आहे. तुझं दचकणं खोटं नसते, पोरी."

"तेव्हा मी पालीला दचकले होते."

"पाल निमित्त असते."

अनुजाने हिशेब सांगितले, दुबई सांगितली, मेहुणा सांगितला, खजुराची पावती सांगितली. आत्याने सगळे लक्ष देऊन ऐकले आणि म्हणाली, "श्रीमंतांचे डोहाळे असेच असतात. हे बघ, आपण असं करू. डोहाळजेवण मोबाईलवर दाखवणार आहेत ना? मी बघते. तू तिथे दचकली, तं चेक टाकते. नाही दचकली, तं नाही टाकत. तुझ्या सहीवरही आता माझा भरवसा नाही आणि त्या कंपनीवर तं अजिबात नाही. तुझ्या दचकण्यावर आहे."

त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात सराव चालला. अनुजा भिंतीवर तळवा ठेवून उभी राही आणि आत्या तिच्या पाठीमागे ताटे आपटे. आत्या मनापासून आपटे, कारण तिला भाचीचे दचकणे बघायला आवडे. अनुजा प्रत्येक ताटाला दचकली. वाटीला दचकली. शेवटी आत्या काहीच न आपटता नुसती उभी राहिली, तेव्हा ती वाट बघून बघून दचकली.

"होत नाही गं तुझ्याच्यानं," आत्या लाडाने म्हणाली आणि तिने चेक लिहून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवला. फक्त तारीख घालायची बाकी होती.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. डोंगराला हिरवी साडी नेसवली होती. तिला किती ठाण कापड लागले हे विचारायची सोय नव्हती, कारण साडी मालमत्तेत होती. शेंड्यावर झेंडूचा मुकुट होता. पाच सवाष्णींनी ओटी भरली. तांदूळ ट्रॅक्टरने आणले होते आणि नारळ लोडरच्या फावड्याने ओटीत सोडले. रीतीप्रमाणे गर्भारणीला झोपाळ्यावर बसवून ओवाळायचे असते. डोंगराला झोपाळ्यावर बसवणे शक्य नसल्यामुळे झोपाळ्यावर मोहरीलसाहेब बसले, हिरवा फेटा आणि मोगऱ्याचे दागिने घालून, आणि बायकांनी त्यांना ओवाळले. त्यांनी लाजून मान खाली घातली.

मांडवात भागधारक बसले होते. अकरा वर्षे दर डोहाळजेवणाला ते येत, बासुंदी खात, आणि पोटाचा घेर वाढला आहे असे एकमेकांना सांगत घरी जात. पोट कुणाचे, हे कुणी विचारत नसे.

"यंदा चेहऱ्यावर तेज आहे बघा," एक निवृत्त मास्तर डोंगराकडे बघून म्हणाले.

"सातव्यात असतेच," दुसऱ्याने बासुंदीची वाटी चाटत दुजोरा दिला.

मग दोन मोठी पातेली पालथी घालून आणली. एकाखाली पेढा आणि दुसऱ्याखाली बर्फी ठेवतात. गर्भारणीने एक उचलायचे, आणि त्यावरून मुलगा की मुलगी ते ठरते. इथे पेढा म्हणजे सोने आणि बर्फी म्हणजे तांबे. डोंगराच्या वतीने पांढरीपांडे बाईंनी एक पातेले उचलले. पेढा निघाला. टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या गडबडीत दुसरे पातेले कुणाच्या तरी पायाने कलंडले. त्याखालीही पेढाच होता. भागधारकांनी हा दुजोरा मानला आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"आता अधिकृत मोजणी," टेंभऱ्यांनी माईकवरून सांगितले. "मूल्यमापक म्याडमनी तळवा ठेवावा."

अनुजाने तळवा ठेवला. समोर एका तिवईवर मोबाईल उभा केला होता आणि त्याच्या काचेपलीकडे, नागपुरात, आत्या बसली होती, हे तिला माहीत होते. तीन लाथा म्हणजे नऊशे कोटी. आत्याला एकच पुरे होती.

मागे एका वाढप्याने स्टीलच्या वाट्यांची अख्खी चळत जमिनीवर सोडली.

अनुजाचे खांदे उसळी घेणार, तोच तिला हाताखाली काहीतरी जाणवले. दगड आत ओढला गेला. अगदी किंचित. पाठीवर एकदम गार हात लागला की पोट कसे आत जाते, तसा. तिला ते लगेच ओळखू आले. आयुष्यभर तिने दुसरे केले तरी काय होते! आत जे कुणी होते, ते दचकले होते.

"अगं अगं," ती पुटपुटली. "काही नाही. वाट्या पडल्या."

टेंभऱ्यांनी तिच्याकडे निरखून बघितले आणि लिहिले, 'दचकल्या नाहीत.'

मोहरीलसाहेबांनी झोपाळ्यावरूनच डोळ्याने खूण केली. मांडवामागे लवंगी फटाक्यांची माळ लागली. भागधारकांच्या वाट्या हिंदकळल्या. अनुजाचा तळवा मात्र दगडावर हळूहळू थोपटत होता. आतले ते आक्रसून पार एका कोपऱ्यात गेले होते, हे तिला कळत होते. "फटाके आहेत ते. मेले मुद्दाम करतात. तू झोप," ती सांगत होती. दुसऱ्याला 'दचकू नको' सांगता सांगता माणसाला स्वतः दचकायला फुरसत राहत नाही. ही गोष्ट तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती. सगळ्यांनी तिलाच सांगितले होते, दचकू नको म्हणून.

"बँड!" मोहरीलसाहेब ओरडले. "बँड वाजवा! तुतारी कुठे आहे? अरे, फुगे फोडा कुणीतरी!"

बँड वाजला. तुतारी वाजली. पांढरीपांडे बाईंनी स्वतः अनुजाच्या कानापाशी येऊन फुगा फोडला आणि त्याच घाबरून मागे सरल्या.

आणि मग डोंगराने लाथ मारली.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मारली आणि खरी मारली. मांडवाचे खांब वाकले. बासुंदीचे पातेले आडवे झाले. पहिल्या तीन रांगांतले भागधारक खुर्च्यांसकट उताणे पडले. झोपाळ्याची कडी निखळली आणि मोहरीलसाहेब फेट्यासकट बासुंदीत बसले. कर्ण्यांवरची बाई भाव सांगता सांगता किंचाळली. मांडवात एकही माणूस उभा राहिला नाही; फक्त अनुजा डोंगरावर तळवा ठेवून होती तशी उभी होती आणि म्हणत होती, "बस, बस. झालं."

टेंभरे टेबलाखालून बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला, कागद झटकला, पेन उघडले.

"म्याडम, आपण दचकलात का?"

"नाही," अनुजा म्हणाली.

"मग हालचाल झालेली नाही." त्यांनी लिहिले.

"अहो टेंभरे!" बासुंदीतून मोहरीलसाहेब ओरडले. "लाथ बसली! मी पडलोय! दिसत नाही का?"

"साहेब, आपण स्वतंत्र नाही आहात. आपलं पडणं धरता येत नाही."

"मग या लोकांचं धरा! हे बघा किती पडलेत!"

"ते नोंदणीकृत नाहीत." टेंभऱ्यांनी शांतपणे बेरीज केली. "लाथा शून्य. कंपनीची किंमत शून्य. म्याडम, इथे सही करा."

अनुजाने सही केली आणि खाली शिक्का मारला. तिच्या शिक्क्याला पहिल्यांदा शाई लागली.

तिने हात काढला तेव्हा सारवलेली जागा फाटली होती. तिथून आधी थोडे पाणी आले, मग माती आली, आणि मग एक टेकडी बाहेर आली. गुडघ्याएवढी असेल. ओलसर, तांबूस, आणि डोक्यावर जावळासारखे विरळ गवत. ती मांडवात बासुंदीच्या काठाशी येऊन बसली आणि चहूकडे बघू लागली.

"बाळंत झाला!" मास्तर उताणे पडल्या पडल्या म्हणाले. "सातमाशी दिसते."

"खबरदार!" पांढरीपांडे बाई ओरडल्या. "सातव्याचा ठराव आहे. ठरावात बाळंतपण नाही."

"पण सोन्याची आहे का ती? जरा नखानं खरवडून बघा ना कुणीतरी."

यावर मांडवात जी शांतता पसरली, तशी तिथे गर्भसंस्कारांच्या वेळीही कधी नव्हती. मोहरीलसाहेब बासुंदी ठिबकत उभे राहिले. पोटातले सोने कितीही असू शकते. पोटाबाहेरचे तराजूत बसते, आणि तराजूला डोहाळे कळत नाहीत.

"कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "ही आमची नाही."

"म्हणजे डोंगराची..." मास्तरांनी तोंड उघडले.

"डोंगराला अजून सातवा चालू आहे! ही कुणीतरी बाहेरून आणून सोडली आहे. तुमच्या पैशाची काळजी असेल, तर तुम्हीही असंच म्हणा."

भागधारकांनी एकमेकांकडे बघितले. त्यांचे अकरा वर्षांचे पैसे होते. मग सगळे एका सुरात म्हणाले, की ही बाहेरचीच दिसते, हिची ठेवण निराळी आहे, आणि आपल्या डोंगराचे नाक हिला अजिबात नाही. टेंभऱ्यांनी लिहिले, 'मांडवात एक अनोळखी टेकडी आढळली. मालक पुढे आला नाही.' आणि बासुंदी सांडली असली तरी मसालेभात शाबूत आहे, असे कळल्यावर पंगत बसली.

कंपनीने अनुजाला परतीची गाडी दिली नाही. ती चालत फाट्यावर आली आणि एसटीची वाट बघत उभी राहिली. टेकडी तिच्या मागोमाग सरकत आली होती आणि तिच्या सावलीत बसली होती.

बस आली. कंडक्टरने दोघींना वर घेतले.

"लेकरू पाच वर्साच्या आत आहे ना?"

"आजचंच आहे."

"मंग तिकीट नाही लागत. मांडीवर घ्या."

"मांडीवर मावत नाही."

"तं पायापाशी ठेवा. वाटेत नको, लोकं ठेचकाळतात." त्याने अनुजाचे तिकीट फाडले आणि टेकडीकडे बघून विचारले, "उलटी-बिलटी तं नाही ना करत?"

"माहीत नाही. पहिलाच प्रवास आहे."

त्याने कागदाची पिशवी दिली. वाटेत टेकडीने एकदा थोडी वाळू काढली. बाकी प्रवास नीट झाला.

कुंदाआत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने तो दोघींवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि टेकडीच्या पायाशीही घातले. फ्रिजवरच्या चुंबकाखाली चेकच्या जागी वीजबिल लावलेले होते.

"बघितलंस?" अनुजाने विचारले.

"बघितलं. सगळे पडले, अन् तू नाही दचकली. मग मी उठून डाळ धुवायला घेतली." आत्या खाली वाकून टेकडीकडे बघू लागली. "अशक्त आहे गं. यात सोनं आहे का?"

"बघितलं नाही."

"नकोच बघू. निदान बारसं होईपर्यंत तरी."

घाटेसरांचा निरोप आत्याने जेवताना सांगितला: सोमवारपासून यायची गरज नाही, ऑफिसला धीट माणसांचा उपयोग नसतो. मोटघऱ्यांच्या मोबाईलवर आणखी एक बातमी आली होती. हेमोदरी कंपनीने तांत्रिक कारणामुळे पुन्हा मोजणी ठेवली होती. डोंगराला सातवा महिना चालू होता, प्रकृती उत्तम होती, आणि आजच त्याला सिंगापूर बघण्याची इच्छा झाली होती. नव्या मोजणीसाठी एका अनुभवी गृहस्थांना नेमले होते. त्यांना लहानपणापासून उचकीचा त्रास होता. मोटघऱ्यांनी आपली सगळी ठेव मोडून पैसे भरले होते.

"सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं ना. म्हणाले, उचकीचं तं शास्त्र आहे."

टेकडी ओट्याखाली जाऊन बसली होती. अनुजाने तिच्या गवतावरून हात फिरवला. ती हळूहळू डुलकी घेऊ लागली. गॅसवर सकाळच्या वरणासाठी आत्याने कुकर चढवला होता आणि त्याच्या पोटात केव्हापासून वाफ कोंडत होती.

शिट्टी झाली. अनुजा दचकली. टेकडीही दचकली.